मेल जात नाहीये, बघ जरा!

कंपनीत मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला कुणी 'नमस्कार' म्हणत नाही. जिन्यात गाठ पडली की लोक विचारतात, "मेल चालू आहे ना?" कुणाच्या लग्नात पंगतीला बसावं, तर शेजारचा अकाउंट्सवाला मठ्ठ्याचा घोट घेऊन म्हणतो, "बरं झालं भेटलास, माझा मेलबॉक्स भरलाय." कोटा वाढवून घेण्यासाठी स्वच्छतागृहात शेजारी येऊन उभे राहणारे साहेब आहेत. ती जागाच अशी, की माणूस नाही म्हणू शकत नाही आणि निघूनही जाऊ शकत नाही.

मी भोसरी एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात हे काम करतो. ऑफर लेटरवर हुद्दा 'सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर' असा भारदस्त आहे, पण गेटवरच्या वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांसाठी मी 'आयटीवाला'. आयटीवाल्याच्या अखत्यारीत मेल, प्रिंटर, वायफाय, सीसीटीव्ही आणि मोठ्या साहेबांच्या मुलाचा लॅपटॉप एवढी खाती येतात. त्यातलं मेलचं खातं विचित्र. चालू असतं तेव्हा ते आहे हेच कुणाच्या गावी नसतं. दहा मिनिटं बंद पडलं, की ज्याला आठवडाभर कुणी मेल केलेला नाही त्याचीसुद्धा लाखाची ऑर्डर नेमकी त्याच दहा मिनिटांत अडकते.

लोकांची समजूत अशी की सर्व्हर हे लहरी प्रकरण आहे. मनात आलं तर मेल पाठवतो, नाही आलं तर दाबून बसतो. माझा अनुभव नेमका उलटा आहे. सर्व्हरइतकं स्पष्ट बोलणारं आमच्या कंपनीत दुसरं कुणी नाही. मेल गेला तर गेला म्हणून सांगतो. नाही गेला तर का नाही गेला ते सांगतो. वाटेत थांबला असेल तर पुन्हा कधी प्रयत्न करणार तेही लिहून ठेवतो. अडचण एकच आहे. त्याने लिहिलेलं कुणी वाचत नाही.

परचेसच्या साहेबांचा फोन येतो.

"मेल जात नाहीये, बघ जरा."

"काय एरर आलाय सर?"

"आलंय काहीतरी इंग्लिशमध्ये. लांबलचक."

"शेवटच्या दोन ओळी वाचून दाखवता का?"

"डिलीट केलं ते. म्हटलं व्हायरस असेल."

मग मी लॉग उघडतो. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कुठून आला, कुणाला चालला, किती वाजता, केवढा, आणि शेवटी काय झालं, असं प्रत्येक मेलमागे त्यात टिपलेलं असतं. साहेबांच्या मेलपुढे स्वच्छ लिहिलेलं असतं, की या नावाचं डोमेन जगात सापडलं नाही.

"सर, वेंडरच्या पत्त्यात 'इंडस्ट्रीज'मधला 'आर' राहिलाय."

पलीकडे शांतता. मग साहेब म्हणतात, "अरे पण एवढी वर्षं त्याच पार्टीला मेल जातायत आपले. सर्व्हरला एवढं कळू नये?"

माझ्या आजोळी पोस्टमन पत्र नुसतं टाकून जात नसे, ओट्यावर बसून वाचूनही दाखवी. ज्यांना अक्षरओळख नव्हती ती म्हातारी माणसं त्याची वाट बघत, आणि वाचून झालं की चहा मिळे. माझं काम तेच आहे. फरक एवढाच, की माझी गिऱ्हाइकं बी.ई., एम.बी.ए. आणि सी.ए. आहेत, आणि चहा मला मशिनवर जाऊन आणावा लागतो.

अर्थात न वाचण्याची ही परंपरा जुनी आहे. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनिअरने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाला नेटवर्कवरून पहिला मेल पाठवला. पत्त्यात माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्या मधे ॲटची खूण ठेवायची कल्पना त्याचीच. त्या पहिल्या मेलमध्ये काय लिहिलं होतं असं त्याला पुढे लोक विचारत. त्याला ते आठवत नव्हतं. कीबोर्डवरची एका ओळीतली अक्षरं बडवली असतील, असं तो म्हणे. म्हणजे जगातला पहिला मेल खुद्द पाठवणाऱ्यानेच लक्ष देऊन वाचलेला नव्हता. आमच्या परचेसच्या साहेबांना मी कुठल्या तोंडाने बोलणार?

दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात कसे, हे एकदा बघण्यासारखं आहे. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी त्याचे नियम लिहून काढले आणि थोडीफार डागडुजी सोडली तर आजही संभाषण त्याच वळणाने चालतं. आमच्या सर्व्हरने पलीकडचं दार वाजवलं, की तिकडून आवाज येतो, "२२०, बोला." आमचा म्हणतो, "एहलो, मी भोसरीहून." "२५०, या." "मेल फ्रॉम परचेस." "२५०, ठीक." "आरसीपीटी टू तुमचे अमुक अमुक." इथे पलीकडचा आपली वही बघतो. माणूस असेल तर "२५०", नसेल तर "५५०, असं इथे कुणी राहत नाही." मग आमचा म्हणतो "डेटा", पलीकडचा म्हणतो "३५४, सांगा." सगळा मजकूर सांगून झाला की शेवटी एका ओळीवर फक्त एक टिंब. "२५०, घेतला." "क्विट." "२२१, बरंय." एवढा नीटनेटका, एकमेकांना न तोडता झालेला संवाद आमच्या सोमवारच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये मी अजून ऐकलेला नाही.

यातले आकडे ध्यानात ठेवायला सोपे आहेत. दोनने सुरू झालं तर काम झालं. चारने सुरू झालं तर आत्ता नाही, नंतर या. पाचने सुरू झालं तर पुन्हा येऊ नका. एवढं एक पाठ केलं तर कंपनीतले निम्मे फोन बंद होतील. मी ते छापून प्रत्येक खात्याच्या बोर्डावर लावलं होतं. त्यावर हल्ली भिशीची यादी असते.

सगळ्यात जास्त गैरसमज चारच्या आकड्याबद्दल. लोकांना वाटतं मेल म्हणजे फोनच. इकडे बटण दाबलं की तिकडे घंटी वाजली पाहिजे. नियमात असं वचन कुठेही नाही. नियम सांगतो, की पलीकडचा सर्व्हर 'नंतर या' म्हणाला तर मेल रांगेत ठेवा, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा जा, आणि निदान चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नका. त्यानंतरही नाही जमलं तर मेल पाठवणाऱ्याला परत द्या आणि कारण सांगा. वेळेवर पोचेल असं वचन नाही. मधल्या मधे गायब होणार नाही, एवढं मात्र आहे.

काही सर्व्हर तर मुद्दाम 'नंतर या' म्हणतात. अनोळखी पाहुणा आला की पहिल्यांदा परतवून लावायचा. जो खरा सर्व्हर असतो तो थोड्या वेळाने मुकाट परत येतो. स्पॅम पाठवणाऱ्यांच्या हंगामी प्रोग्रामना तेवढा धीर नसतो, ते पुढच्या दाराकडे पळतात. ग्रेलिस्टिंग म्हणतात याला, आणि २००३ पासून हा उपाय लोक वापरतायत. युक्ती गुणी आहे, फक्त ओटीपीशी तिचं वाकडं आहे. टेंडरच्या पोर्टलवरचा ओटीपी पाच मिनिटांत मरतो आणि आमच्या दारात येऊन दहा मिनिटं ताटकळतो. मार्केटिंगचे साहेब फोनवर ओरडत असतात, "ओटीपी येत नाहीये!" येतोय साहेब, फक्त मयत होऊन येतोय. शेवटी सगळ्या टेंडर पोर्टलना मी दारात उभं राहण्याची अट माफ करून टाकली.

नीट तक्रार करणारी माणसं जगात नाहीतच असं नाही. ट्रे हॅरिस नावाच्या अमेरिकन ॲडमिनचा किस्सा आमच्या धंद्यात फार प्रसिद्ध आहे. तो एका विद्यापीठाची मेल यंत्रणा सांभाळत असताना संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन आला, की आमच्या विभागातून ५०० मैलांच्या पलीकडे मेल जात नाही. हॅरिसला वाटलं, साहेबांचं काहीतरी बिनसलंय. मेल काय पेट्रोलवर चालतो? पण ते पडले संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी आधी काही दिवस माहिती गोळा केली होती, कुठे जातो आणि कुठे जात नाही याचा नकाशासुद्धा काढला होता. हॅरिसने स्वतः करून पाहिलं. ४२० मैलांवरच्या न्यूयॉर्कला मेल गेला. ५८० मैलांवरच्या प्रॉव्हिडन्सला गेला नाही.

कारण निघालं ते असं. कुणीतरी त्या यंत्रावरची सिस्टीम अपग्रेड करून गेलं होतं आणि त्या नादात मेलचा प्रोग्राम, सेंडमेल, उलटा जुन्या आवृत्तीवर आला होता. सेटिंगची फाइल मात्र नव्या आवृत्तीची. जुन्या प्रोग्रामला तिच्यातल्या बऱ्याच ओळी समजेनात, म्हणून त्याने त्या सोडून दिल्या, आणि पलीकडच्या उत्तराची किती वेळ वाट बघायची हा आकडा झाला शून्य. त्या यंत्राच्या लेखी शून्य म्हणजे साधारण तीन मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश साडेपाचशे मैलांच्या थोडा पुढे जातो. त्यापलीकडच्या गावाशी जोडणी होण्याआधीच सर्व्हर हात झटकून मोकळा होत होता. तक्रार शब्दशः खरी होती. असा एक तरी विभागप्रमुख मला लाभावा, म्हणून मी दर चतुर्थीला गणपतीला सांगतो. आमच्याकडे तक्रार येते ती एवढीच: "सगळं स्लो आहे."

आता अटॅचमेंट. मेलचे नियम लिहिले गेले तेव्हा मेलमधून फक्त साधी इंग्रजी अक्षरं जायची होती. फोटो, ड्रॉइंग, एक्सेल यांचा तिथे विचारच नव्हता. म्हणून आजही कुठलीही फाइल मेलला जोडली की ती आधी अक्षरांच्या वेषात बसवली जाते. तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे फाइल एक तृतीयांशाने फुगते. डिझाइनवाले २० एमबीचं ड्रॉइंग जोडतात आणि दारापाशी ते २७ एमबीचं होऊन येतं. पलीकडच्याची मर्यादा २५. मेल परत. परत आलेल्या मेलमध्ये लिहिलेलं असतं, की आकार मर्यादेबाहेर गेला. डिझाइनवाला माझ्या टेबलापाशी येऊन फाइलच्या प्रॉपर्टीज दाखवतो. "हे बघ, वीसच आहे." मी त्याला हा अक्षरांचा वेष, म्हणजे बेस सिक्स्टीफोर, समजावून सांगतो. तो मान डोलावतो आणि जाताना म्हणतो, "ते ठीक आहे रे, पण वीसच आहे ना?"

या बाबतीतला आमचा मोठा सण म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी लेथपासून फोर्कलिफ्टपर्यंत सगळ्या यंत्रांची पूजा होते आणि सर्व्हरच्या रॅकलाही हार पडतो. डिस्पॅचमधले दादा भाविक आहेत. हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या ते रॅकच्या पुढच्या जाळीवर मनोभावे वाहतात. सर्व्हरचे पंखे हवा पुढूनच आत ओढतात, त्यामुळे वाहिलेलं सगळं देव तिथल्या तिथे ग्रहण करतो. दिवाळीपर्यंत मी टॉर्च आणि चिमटा घेऊन पाकळ्या उपसत असतो. कुंकवाचा पातळ थर तर रॅममधल्या फटींतही सापडलेला आहे. नारळ मात्र मी दाराबाहेर फोडायला लावतो, कारण खाली यूपीएस आहे.

खरा प्रसाद दुसऱ्या दिवशी मिळतो. एचआरच्या मॅडम पूजेचे फोटो 'ऑल एम्प्लॉईज' या पत्त्यावर पाठवतात. पाच फोटो, मोबाइलमधून निघाले तसे, प्रत्येकी सहा एमबी. मर्यादा आमच्याकडेही आहे, पण मोठ्या साहेबांनी ती एचआरला माफ केलेली आहे. ३० एमबीचे दारात ४० होतात. तीनशे मेलबॉक्स, प्रत्येकात वेगळी प्रत. १२ जीबी झेंडू. तो पोचतो न पोचतो तोच कुणीतरी 'ज्यांना मिळाले नसतील त्यांच्यासाठी' म्हणून तेच फोटो पुन्हा सगळ्यांना पाठवायला जातं, मर्यादेला आपटतं, आणि माझा फोन वाजतो. "मेल जात नाहीये, बघ जरा."

मग उत्तरं सुरू होतात. "व्हेरी नाइस मॅडम." "सर्वांना विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा." "सेम टू यू." एकूण एक सगळं 'रिप्लाय ऑल'. विसाव्या शुभेच्छेनंतर क्वालिटीचे साहेब भडकून लिहितात, "प्लीज डू नॉट रिप्लाय ऑल", आणि तेही रिप्लाय ऑल करून. त्यावर बारा जण "नोटेड सर" असं सगळ्यांना कळवतात.

हे फक्त भोसरीत घडतं असं समजून कुणी आमची कीव करू नये. १९९७ साली खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये, म्हणजे कंपन्यांना मेलचा सर्व्हर करून विकणाऱ्यांच्या घरात, तेरा हजार माणसांच्या एका यादीत आपलं नाव कसं काय, मला काढा, असं एकाने त्या यादीलाच विचारलं. मग "मलाही काढा" म्हणणाऱ्यांची रांग लागली. सुमारे दीड कोटी मेल फिरले आणि सर्व्हर आडवे झाले. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणीचा मेल चुकून आठ लाखांवर लोकांना गेला. तिथेही डॉक्टर, नर्स आणि कारकून मंडळींनी 'कृपया मला वगळा' असं आठ लाख जणांना कळवलं. शिकलेला माणूस रिप्लाय ऑलच्या बटणापुढे कुठल्याही देशात सारखाच असतो.

स्पॅमची कथा वेगळी नाही. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क नावाच्या मार्केटिंगच्या माणसाने नव्या संगणकांची जाहिरात आर्पानेट या तेव्हाच्या संगणक-नेटवर्कवरच्या सुमारे ४०० लोकांना एकदम धाडली. ते जगातलं पहिलं स्पॅम मानतात. पत्ते इतके होते की पत्त्यांच्या रकान्यात मावले नाहीत आणि उरलेले मजकुरात सांडले. आज त्याच्या वंशजांना अडवायला आमच्याकडे स्पॅमअसॅसिन नावाचा प्रोग्राम आहे. तो प्रत्येक मेलला गुण देतो. सगळा विषय कॅपिटलमध्ये असेल तर गुण, 'फ्री', 'ऑफर' अशा शब्दांचा मारा असेल तर गुण. बेरीज पाचावर गेली की मेल स्पॅम. आणि कशाकशाचे गुण दिले, त्याची यादीही तो मेलच्या डोक्यावर लिहून ठेवतो.

दिवाळीत सेल्सचे साहेब तक्रार घेऊन आले, की डीलरना पाठवलेला आपला ऑफरचा मेल आपल्याच सर्व्हरने अडवला. मी यादी छापून त्यांच्यापुढे ठेवली. विषय कॅपिटलमध्ये, उद्गारचिन्हं नऊ, 'अर्जंट' दोनदा, मजकूर कमी, आणि राहिलेल्या जागेत फटाक्यांचं एक चित्र. साहेबांनी यादी शांतपणे पाहिली आणि विचारलं, "मग यातलं नेमकं चुकीचं काय आहे?" नायजेरियातल्या राजपुत्राची कोट्यवधींची ठेव आणि आमची दिवाळी ऑफर यांतला फरक यंत्राने कसा ओळखावा, हे मला अजून सांगता आलेलं नाही.

इतक्या सगळ्या न वाचण्यातसुद्धा कंपनीत एका गोष्टीवर एकमत आहे: आयटीवाला सगळ्यांचे मेल वाचतो. कँटीनमध्ये मी जाऊन बसलो की टेबलावरचा विषय बदलतो. खरं सांगायचं, तर लॉगमध्ये मजकूर नसतोच. नुसते पत्ते, वेळ आणि आकार. तेवढ्यावरूनही बरंच कळतं, हे मात्र कबूल. संध्याकाळी पावणेसातला स्वतःच्याच खासगी पत्त्यावर दोनशे केबीची एक फाइल गेली, की बायोडेटा तयार झाला. मोठमोठ्या फाइली जायला लागल्या, की नोकरी मिळाली. पण मी कुणाला बोलत नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे हे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. ज्याची एक ओळ कुणी वाचत नाही ते सहा महिने सांभाळायचं, एवढाच माझा त्या नोंदींशी संबंध.

सर्व्हर कधी चुकतच नाही, असं मी म्हणत नाही. १ जानेवारी २०२२ ला, जग पहाटे झोपायला चाललेलं असताना, मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज सर्व्हरवरचे मेल ठिकठिकाणी तुंबले. व्हायरस तपासणाऱ्या भागाच्या आवृत्तीचा क्रमांक तारखेवरून बनत होता, आणि नव्या वर्षाचा आकडा झाला २२०१०१०००१. तो ज्या खणात ठेवायचा, त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतं. वर्ष बदललं आणि आकडा खणाबाहेर आला. मेल तपासता येईना, म्हणून एकही पुढे सोडला जाईना. पण तेव्हाही यंत्राने हा आकडा बसत नाही म्हणून लॉगमध्ये नीट लिहून ठेवलं होतं. ज्या ॲडमिननी नववर्षाच्या सकाळी ते वाचलं त्यांना रोग कळला. त्यांच्या घरच्यांना मात्र तो अजून पटलेला नसणार.

इथवरचं न वाचणं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. पुढचं नाही.

१९८२ च्या नियमांत सगळा व्यवहार विश्वासावर होता. 'मेल फ्रॉम' म्हणून कुणीही कुणाचंही नाव सांगावं, पलीकडच्याने मानावं. तो भोळेपणा महागात पडायला लागल्यावर मागाहून तीन कागद आले. एसपीएफ सांगतो, की या डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवरून निघू शकतात. डीकेआयएम मेलवर शिक्का मारतो, म्हणजे वाटेत कुणी मजकूर बदलला तर कळतं. डीएमएआरसी सांगतो, की कागद जुळले नाहीत तर मेलचं काय करायचं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले. ते जुळवताना आम्ही ॲडमिन मंडळींनी बरेच केस गमावले, पण गोष्ट चांगली झाली. दुसऱ्याच्या नावाने मेल टाकणं अवघड झालं.

म्हणून चोरांनी दुसऱ्याचं नाव वापरणं सोडलं. ते आता स्वतःचंच नाव घेतात, फक्त एका अक्षराच्या फरकाने. तुमच्या वेंडरच्या 'इंडस्ट्रीज'मधला 'आर' काढायचा आणि ते डोमेन रीतसर पैसे भरून विकत घ्यायचं. त्याला एसपीएफ लावायचा, डीकेआयएमचा शिक्का करून घ्यायचा. मग अकाउंट्सला मेल टाकायचा, की ऑडिटमुळे आमचं बँक खातं बदललं आहे, या महिन्याचं पेमेंट सोबतच्या खात्यात करावं. खाली वेंडरची सही, लोगो, आणि मागच्या चार मेलचा ट्रेलसुद्धा जोडलेला. सर्व्हर तपासतो. कागद चोख. हा मेल खरोखरच त्या डोमेनवरून आलाय, असं तो प्रामाणिकपणे सांगतो. आणि ते खरंही असतं. ते डोमेन आपल्या वेंडरचं नव्हे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते फक्त पत्त्याच्या पट्टीत दिसतं, आणि ती पट्टी माणसाने वाचायची असते.

आमच्याकडे असा मेल आला तेव्हा अकाउंट्सच्या मॅडमनी वाचला. नव्या खात्याचा आयएफएससी दूरच्या राज्यातल्या शाखेचा कसा, एवढीच शंका त्यांना आली. त्यांनी मेलला उत्तर न देता वेंडरच्या मालकांना त्यांच्या जुन्या मोबाइलवर फोन लावला. "अहो, तुम्ही खातं बदललंत का?" मालक म्हणाले, "छे हो, कुणी सांगितलं?" सतरा लाखांचं पेमेंट होतं. फायरवॉल, फिल्टर आणि तिन्ही कागदांना जे जमलं नाही, ते चष्मा पुसून वाचणाऱ्या एका बाईंनी केलं. त्या दिवशी मी त्यांचा कोटा न मागता दुप्पट केला.

तेव्हा वाचकहो, तुमच्याही ऑफिसात कुणीतरी आयटीवाला असेलच. त्याच्या वतीने एवढं सांगतो. मेल परत आला तर फोन उचलण्याआधी त्याच्या शेवटच्या तीन ओळी वाचा. आकडा चारचा असेल तर चहा घेऊन या, पाचचा असेल तर पत्त्याचं स्पेलिंग बघा. बँक खातं बदललं असं सांगणारा मेल आला तर मात्र वाचून झाल्याबरोबर फोन उचला. तो आम्हाला नको, वेंडरला लावा, आणि नंबर त्या मेलमधला नको, तुमच्या जुन्या डायरीतला घ्या. पैसे गेलेच असतील तर लाज वाटून घरी बसू नका, तत्काळ १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची आशा जास्त.

सर्व्हर खरं बोलतो, एवढी हमी मी देतो. प्रिंटरबद्दल मात्र काही विचारू नका. तो ट्रे भरलेला असताना कागद संपलाय म्हणून सांगतो.